३.१ टक्के हा आकडा लोकांना सांगायला हवा होता का?

कृष्णाकाठचा मास्तर (पलूस)
परवा आठवीला लघुग्रह शिकवत होतो. मागच्या बाकावरून एक पोरगा म्हणाला, "सर, त्या शास्त्रज्ञांनी खोटंच सांगितलं की. पडणार म्हणाले आणि काहीच नाही." त्याच्या डोक्यात २०२४ वायआर४ होता. २७ डिसेंबर २०२४ ला चिलीतल्या ॲटलास दुर्बिणीला हा लघुग्रह सापडला. २२ डिसेंबर २०३२ ला तो पृथ्वीवर आदळण्याची शक्यता जानेवारीअखेर एक टक्क्याच्या वर गेली, १८ फेब्रुवारीला ३.१ टक्के झाली आणि त्यानंतर आठवडाभरात जवळजवळ शून्यावर आली. मधल्या काळात, तो जिथं पडू शकेल त्या, भारतावरून गेलेल्या पट्ट्याचे नकाशे मोबाइलवर फिरत होते. माझी आई विचारायची, "बत्तीस साली नातू कितवीला असंल रं?"

कक्षा पक्की होईपर्यंत असा आकडा लोकांपुढं आणू नये, असं माझं मत आहे. भीती विरून जाते, पण 'हे लोक काहीबाही सांगतात' हा समज मागं उरतो.

ऊसवाला, कराड
मास्तर, नाही पटलं. वीस एकराच्या फडात बिबट्या शिरलाय आणि फडाच्या एका कोपऱ्याला तुमचं घर आहे, असं धरा. तोड लांबच्या बाजूनं सुरू झाली. जेवढा ऊस तुटेल तेवढी बिबट्याला लपायला जागा कमी, आणि घराकडचा कोपरा अजून उभाच. मग धोका वाढणारच ना? शेवटी घराकडचा ऊस तुटला, बिबट्या तिथं नव्हता, आणि धोका एकदम गेला. लघुग्रहाचंही तेच झालं. निरीक्षणं वाढली तसा त्याच्या संभाव्य वाटेचा पट्टा अरुंद झाला, पण पृथ्वी बराच काळ त्या पट्ट्यातच राहिली. यात खोटं कुणीच बोललं नाही. २००४ मध्ये अपोफिस नावाच्या लघुग्रहाचा आकडा असाच २.७ टक्क्यांपर्यंत चढून उतरला होता.

मिरजकर
उदाहरण चांगलं आहे, पण फडात बिबट्या आहे की मांजर, हेही तेव्हा ठाऊक नव्हतं. आकार सांगायचे ४० ते ९० मीटर. वस्तुमानात हा अकरापटीचा फरक! मी मास्तरांच्या बाजूचा.

दुर्बीणवेडी सातारकरीण
दादा, त्याचं कारण साधं आहे. दुर्बिणीतून दिसतो तो प्रकाशाचा एक ठिपका. काळपट मोठा दगड आणि उजळ छोटा दगड सारखेच चमकतात. जेम्स वेब या अवकाश दुर्बिणीनं मार्च २०२५ मध्ये त्याची उष्णता मोजली, तेव्हा व्यास सुमारे ६० मीटर निघाला, म्हणजे पंधरा मजली इमारतीएवढा. तो साडेएकोणीस मिनिटांत स्वतःभोवती एक फेरी मारतो. सापडला तेव्हा तो आपल्या जवळून पुढं जाऊन दोन दिवस झाले होते, आणि रोज अंधूक होत होता. म्हणून घाई होती.

नावातच त्याची जन्मनोंद आहे बघा: वाय म्हणजे डिसेंबरचा दुसरा पंधरवडा, आणि आर४ म्हणजे त्या पंधरवड्यातला ११७ वा. एका पंधरवड्यात एवढे सापडतात! या सगळ्या नोंदी जगभरच्या निरीक्षकांसाठी खुल्या असतात, म्हणून तर कक्षा लवकर पक्की होते. त्या दडवून ठेवायच्या कशा? आणि दडवलेलं कुणी फोडलं, तर मास्तरांचा तो पोरगा कुणावरच विश्वास ठेवणार नाही.

कृष्णाकाठचा मास्तर (पलूस)
ताई, नोंदी खुल्याच असू देत. पण आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांवर गेलं की काय करायचं, हे सांगलीतल्या पोरासोरांना माहीत आहे. जनावरं सोडायची, धान्य माळ्यावर टाकायचं. ३.१ टक्के ऐकून माझ्या आईनं काय करायचं होतं?

ऊसवाला, कराड
हा प्रश्न खरा आहे. त्या दिवशी घरात बसून करण्यासारखं काहीच नव्हतं. पण हातात आठ वर्षं होती. तेवढ्यात दगडाची वाट बदलता येते; २०२२ मध्ये नासानं डार्ट यान धडकवून डिमॉर्फस या छोट्या लघुग्रहाची मोठ्या जोडीदाराभोवतीची प्रदक्षिणा अर्ध्या तासानं कमी केलीच की. उलट २०१३ मध्ये रशियातल्या चेल्याबिन्स्क शहरावर फुटलेला जेमतेम वीस मीटरचा दगड कुणालाच आधी दिसला नव्हता. प्रकाश बघायला लोक खिडकीशी गेले, मग थोड्या वेळानं धक्का आला आणि काचा अंगावर फुटल्या. दीड हजारांच्या आसपास माणसं जखमी झाली.

मिरजकर
१९०८ मध्ये सायबेरियात तुंगुस्काजवळ आकाशातला दगड फुटला, त्या स्फोटात दोन हजार चौरस किलोमीटरवरचं जंगल आडवं झालं, म्हणजे आपल्या सांगली जिल्ह्याचा चौथा हिस्सा. वायआर४ही साधारण त्याच तोलाचा. एवढी गोष्ट सांगताना नुसता टक्का पुरत नाही. 'हा आकडा आधी वाढेल, मग बहुधा शून्यावर जाईल' हे वाक्य पहिल्याच दिवशी त्याच्या शेजारी हवं होतं.

दुर्बीणवेडी सातारकरीण
शास्त्रज्ञांनी ते सांगितलं होतं, दादा. आपल्यापर्यंत नकाशा पोचला, ते वाक्य पोचलं नाही.

कृष्णाकाठचा मास्तर (पलूस)
मग माझी तक्रार नकाशा पाठवणाऱ्यांकडं वळवतो. आकडा थांबवायला हवा होता, हे म्हणणं मागं घेतो. आईनं काय करायचं होतं, याचं उत्तर मात्र मला अजून मिळालेलं नाही. उद्या फळ्यावर उसाचा फड काढतो, कोपऱ्यात घर काढतो, आणि त्या पोरालाच तोडीला उभा करतो.