[मंडळ] तातडीचं: एसीवर एक्स्टेंडेड वॉरंटी घ्यावी का? बाबा दुकानात उभे आहेत

प्रेषक: ऐरोलीकर

मंडळी, इकडे परदेशात रात्रीचे दोन वाजलेत, म्हणून मंडळातल्या कुणाला फोन करत नाही. जो जागा असेल त्याने उत्तर द्या.

आई-बाबा आत्ता वाशीला दुकानात आहेत. त्यांच्या ऐरोलीच्या घरातला बेडरूमचा एसी अखेर गेला. नवीन दीड टनाचा इन्व्हर्टर, ४१,५००. मॉडेल ठरलंय, त्यावर चर्चा नको (नाना, प्लीज). कंपनीची वॉरंटी पूर्ण यंत्रावर १ वर्ष, पीसीबीवर (आतल्या सर्किट बोर्डवर) ५, कॉम्प्रेसरवर १०. आता सेल्समन मागे लागलाय की वर ५,२०० भरा, अधिक जीएसटी, म्हणजे ६,१३६, आणि पुढची चार वर्षं निवांत राहा. आई म्हणते घेऊन टाक. बाबा म्हणतात, तू सांगशील तसं.

दुसरं, बिलावर मोबाइल नंबर कुणाचा द्यायचा? फ्रिजच्या वेळचा घोळ सगळ्यांना माहीत आहे.

---

प्रेषक: खजिनदार

जागाच आहे, नवरात्रीचे हिशेब जुळत नाहीयेत.

घेऊ नकोस. कारखान्यातली खोट असली तर ती बहुतेक वेळा पहिल्या वर्षातच बाहेर पडते, ते वर्ष कंपनीचं. झीज होऊन बिघडायला लागतं ते सात-आठ वर्षांनी, तेव्हा प्लॅन संपलेला असतो. ही मंडळी मधली धट्टीकट्टी वर्षं विकतात. त्यातही पीसीबी आणि कॉम्प्रेसर तुझ्याकडे आधीच आहेत. उरलं काय? पंख्याची मोटर, सेन्सर, गॅस. त्यासाठी सहा हजार? तेवढे पैसे बाबांच्या खात्यात वेगळे ठेव.

मंडळाच्या अँप्लिफायरला वॉरंटी घेतली होती, त्याचं काय झालं ते गणपतीत सगळ्यांनी ऐकलंच आहे. किंबहुना ऐकू आलं नाही.

---

प्रेषक: माजी सचिव

अँप्लिफायरचा विषय इथे काढण्याचं प्रयोजन कळलं नाही, पण निघालाच आहे तर नोंद असू द्या. प्लॅन चुकीचा नव्हता. प्लॅन घरगुती वापरासाठी होता आणि बिल मंडळाच्या नावावर फाडलं गेलं. क्लेम केला तेव्हा त्यांनी बिल पाहिलं आणि संस्थेचा वापर म्हणून नाकारला. बिल मंडळाच्याच नावावर हवं हा आग्रह कुणाचा होता? मी माझ्या कार्डावर घेतो म्हणालो होतो. इथली काही क्रेडिट कार्डं कंपनीच्या वॉरंटीवर आणखी वर्षभर फुकट देतात. तेव्हा मला "वैयक्तिक व्यवहार नको" असं सुनावण्यात आलं.

ऐरोलीकर, तुझ्या प्रश्नाशी याचा संबंध नाही. क्षमस्व.

---

प्रेषक: नाना, मु. कोपरखैरणे (मार्चपर्यंत)

मला आधीच गप्प केलंय, तरी बोलतो. मॉडेलबद्दल अवाक्षर काढत नाही.

खजिनदारांचा हिशेब कोरड्या गावाला लागू पडतो. ऐरोलीत एसी म्हातारा होऊन जात नाही, खाडी त्याला खाते. ओहोटीला चिखल उघडा पडला की कुजक्या अंड्यांसारखा जो वास येतो, तो हायड्रोजन सल्फाइड. नाल्यांतूनही तोच येतो. तांब्याला तो काळं करतो, मग घरातल्या युनिटच्या कॉइलला सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात आणि गॅस निघून जातो. पटत नसेल तर आईला विचार, देवघरातलं चांदीचं निरांजन किती दिवसांत काळं पडतं. आमच्याकडे आठ. पुण्याच्या बहिणीकडे तेच निरांजन गणपती ते दिवाळी चकचकीत.

माझा किस्सा. चार वर्षांत तीनदा गॅस भरला. दर वेळी पोरगा यायचा, गॅस भरायचा, तीनएक हजार घेऊन जायचा, पुढच्या मार्चला पुन्हा कोमट वारा. शेवटी सेक्टरमधला एक जुना मेकॅनिक आला. त्याने आधी नायट्रोजनचं प्रेशर दिलं, मग वाटीत साबणाचा फेस केला आणि दाढीच्या ब्रशने कॉइलच्या वळणांवर लावत गेला. तिसऱ्या वळणावर मोहरीएवढा बुडबुडा आला, फुटला, पुन्हा आला. म्हणाला, "काका, हे भोक तसंच ठेवून तुम्ही तीनदा गॅस भरलात."

माझ्याकडे एक्स्टेंडेड वॉरंटी होती, बरं का. कागद काढला. पान चार, बारीक अक्षरं: गंज, खारी हवा, वायू, उंदीर-झुरळं आणि विजेचा दाब कमीजास्त झाल्याने होणारं नुकसान वगळून. म्हणजे इथे जे जे होतं ते सगळं वगळून!

तेव्हा बाबांना एवढंच विचारायला सांग: "कॉइल गंजून गॅस गेला तर धरता का? धरत असाल तर बिलावर लिहून द्या." तोंडी नको.

---

प्रेषक: माई

नाना, निरांजनाला टूथ पावडर लावू नका, चरे पडतात. रांगोळी तर मुळीच नको. ॲल्युमिनियमच्या फॉइलवर ठेवून वरून कढत पाणी आणि खायचा सोडा घाला. पुसून कोरडं करून प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधा, महिनाभर राहतं.

---

प्रेषक: वर्तकनगरच्या वहिनी

सगळे पुरुष कॉइलवर बोलताहेत, नंबरचं कुणी बोलेना.

ऐरोलीकर, तुझा नंबर अजिबात देऊ नकोस. सासूबाईंच्या वॉशिंग मशीनच्या वेळी ह्यांनी हौसेने स्वतःचा दिला. मेकॅनिक ठाण्याला दारात उभा, काम झालेलं, ओटीपी दिल्याशिवाय तक्रार बंद होत नाही आणि ओटीपी आला इकडे, पहाटे तीनला, उशीखाली. सासूबाई त्याला चहा पाजत बसल्या. तासाभराने तो कंटाळून गेला आणि "ग्राहक घरी नाही" असा शेरा मारला. सासूबाई म्हणाल्या, मी घरी नव्हते तर चहा कुणी केला?

वॉरंटीबद्दल माझं मत वेगळं आहे. दोघंच राहतात, सत्तरीच्या पुढचे. सहा हजारांत कुणाला तरी हक्काने फोन करता येत असेल तर मी यंत्राचा हिशेब करत बसणार नाही.

---

प्रेषक: खजिनदार

वहिनी, आईवडिलांचा नंबर दिला की महिन्याभरात "तुमची वॉरंटी संपत आली, ओटीपी सांगा" असे फोन सुरू होतात. माझ्या काकांना आला होता. ते ओटीपी सांगायच्या बेतात होते, काकू ओरडल्या म्हणून वाचले. नंबर मुलाचाच हवा.

---

प्रेषक: वर्तकनगरच्या वहिनी

म्हणजे म्हाताऱ्यांनी फोनच ठेवू नये का? बाबांना एकच नियम सांगायचा: माणूस समोर उभा असेल आणि काम डोळ्यांनी पाहिलं असेल तरच आकडा सांगायचा. फोनवर मागणाऱ्याला कधीच नाही. सासूबाई आता आधी मेसेज शेजारच्या मुलीला वाचायला देतात.

---

प्रेषक: नाना, मु. कोपरखैरणे

वहिनी, "हक्काने फोन" हे मी चार वर्षं केलं. पलीकडून बाई म्हणते, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. हक्काचा तो दाढीच्या ब्रशवाला. वर्षाला दोन सर्व्हिसिंग, वर दिवाळीला पेढे.

---

प्रेषक: वकील दादा

फक्त कायद्याचं. बिल मुलाच्या नावावर असलं तरी त्याच्या संमतीने वस्तू वापरणारे आईवडीलही २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात "ग्राहक"च आहेत. तक्रार ते राहतात त्या ठाणे जिल्ह्यात करता येते, कंपनीचं मुख्यालय कुठेही असो. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत दोन वर्षं. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करून पाहावा. दुकानात जे आश्वासन मिळतंय ते व्हॉट्सॲपवर तरी लेखी घ्या. नाना म्हणतात ते बरोबर आहे, पान चार सही करण्याआधी वाचायचं असतं.

नाना, तुमच्या त्या क्लेमचं नकाराचं पत्र आहे का जपून?

---

प्रेषक: नाना, मु. कोपरखैरणे

होतं. वाळवी लागली. तीही वगळलेली असणार.

---

प्रेषक: लिस्ट-व्यवस्थापक

या लिस्टवर खरेदी-विक्री आणि वैयक्तिक सल्ला नको असं जूनमध्ये ठरलं आहे. फराळाच्या ऑर्डरींना अजून अकराच घरांनी उत्तर दिलंय. चकली आणि अनारसे वेगवेगळे लिहा, मागच्या वर्षीसारखं "सगळं थोडं थोडं" लिहू नका.

अँप्लिफायरबद्दल कार्यकारिणीत बोलू.

---

प्रेषक: ऐरोलीकर

मंडळी, उठलो आणि एवढे मेल!

नानांचा मेल दोनच्या पुढे आला तेव्हा मी जागा होतो, तो तसाच बाबांना फॉरवर्ड केला. बाबांनी चष्मा लावून अख्खा वाचला, साबणाच्या फेसासकट, आणि सेल्समनला विचारलं, कॉइल गंजली तर? तो म्हणाला, "सर, सगळं कव्हर आहे." बाबा म्हणाले, मग बिलावर लिहा. तो मॅनेजरकडे गेला. दहा मिनिटांनी आला तो उत्तर न आणता: "सर, तुमच्यासाठी ४,००० करतो." बाबांनी पुन्हा तेच विचारलं. पुन्हा मॅनेजर. या वेळी ३,२००. आई तोवर खुर्चीवर बसून पाय चोळत होती. तिसऱ्यांदा तो आत गेला तेव्हा बाबांनी एसीचे पैसे भरले आणि दोघं रिक्षात बसली.

प्लॅन घेतला नाही. आई थोडी नाराज आहे, तिला वहिनींचं पटतंय. नंबर बाबांचा, दुसरा म्हणून माझा. संध्याकाळी इन्स्टॉलेशनवाला आला तेव्हा बाबा नेमके खाली दूध आणायला गेले होते. आईने आकडा सांगायच्या आधी त्याला एसी चालू करायला लावला, खाली हात धरून वारा गार लागतोय का पाहिलं आणि मगच सांगितला.

नाना, त्या दाढीच्या ब्रशवाल्याचा नंबर मला वेगळा पाठवा, लिस्टवर नको. तो ऐरोलीला येतो का?

चकली दोन किलो, अनारसे नकोत.