'हायड्रॉलिक स्टिम्युलेशन'ला मराठीत काय म्हणायचं, फोडणं की उकलणं?

बेळगावकर मास्तर: नमस्कार मंडळी. हायस्कूलच्या पोरांसाठी जमिनीतल्या उष्णतेपासून वीज यावर चार पानं लिहालोय. चारपाच किलोमीटर खोल गरम खडकात दाबाने पाणी मारून त्याला 'स्टिम्युलेट' करतात, तिथं अडकलोय. 'उत्तेजन' लिहिलं की पोरांना उत्तेजनार्थ बक्षीसच आठवणार. सरळ 'खडक फोडणे' लिहिलं तर चालंल काय?

खानापूरकर: सर, 'फोडणे' नकोच बघा. फोडतात ते सुरुंगानं, आणि फुटलं की तुकडे होतात. इथं तसं होत नाही. फ्रान्समधल्या सुल्त्सला असाच प्रकल्प हाय, तिथं पाच किलोमीटर खोल ग्रॅनाइट हाय, तापमान २०० अंशांच्या आसपास, त्यात फटी आधीपासनंच आहेत पण मिटलेल्या. पाण्याचा दाब वाढला की दोन बाजू एकमेकीवरनं जराशा सरकतात आणि खडबडीत असल्यामुळं परत नीट बसत नाहीत, फट राहते, तिच्यातनं पाणी फिरतं आणि तापून वर येतं. घरात फुटकं कौल असलं तर दोन तुकडे जोडून धरा, अगदी बसतात, आता एक तुकडा दोऱ्याएवढा सरकवा आणि उजेडाकडं धरून बघा, मधनं उजेड दिसतोय की नाही? तेच.

आमच्या शेतातल्या बोअरचं पाणी आटलं तेव्हा गाडी बोलावून आत पॅकर, म्हणजे बोअर बंद करणारं रबरी बूच, बसवून दाबानं पाणी मारलं होतं. तो गाडीवाला 'फोडलं' म्हणाला नाही, "झरा मोकळा केला" म्हणाला. खोली आणि दाब तिकडचा फार मोठा, पण क्रियापद मला त्याचंच बरोबर वाटतंय.

निपाणीकर: मग तेल-गॅसवाले करतात ते फ्रॅकिंग? ते पण मोकळं करणंच काय?

खानापूरकर: नाही भाऊ, तिथं नवीन तडे पाडतात आणि ते मिटू नयेत म्हणून वाळू भरतात. आपल्यात शब्द वेगळे आहेतच की, तडा जातो, भेग पडते, फट राहते, आणि आधीच्या सांधीवर सुटतं ते उकलतं. शेंग उकलते, ती कोण फोडत नाही. म्हणून माझं मत 'उकलणे'ला. फक्त सर, सरकण्याचं पण लिहा, कारण भूकंपाचा धोका त्यातनंच येतोय. स्वित्झर्लंडच्या बाझेलला असल्याच कामात डिसेंबर २००६ मध्ये ३.४ चा धक्का बसला, काम थांबलं ते कायमचंच. कोरियात पोहांगला २०१७ साली साडेपाचच्या आसपासचा भूकंप झाला, चौकशीत कारण म्हणून तिथल्या विहिरीत मारलेलं पाणीच निघालं. नुसतं 'झरा मोकळा' लिहिलं तर पोरांना हे कळायचं नाही.

बेळगावकर मास्तर: पटलं. असं लिहितोय: 'खोल खडकातल्या मिटलेल्या सांधी पाण्याच्या दाबाने सरकवून उकलणे'. लांब झालंय, पण पहिल्यांदा पूर्ण लिहितो आणि पुढं नुसतं 'सांधी उकलणे'.

निपाणीकर: सर, सांध आमच्याकडं दाराची पण म्हणतात, पोरांना लगेच कळंल.