नेपाळची राज्यघटना आणि परदेशी पैसा: मदत की ढवळाढवळ?

सीमापार

नेपाळच्या राज्यघटनेचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "युरोपवाल्यांनी पैसे ओतले आणि जातीजातींत भांडणं लावली." मला हे अजिबात पटत नाही, म्हणून हा धागा.

२००८ साली निवडून आलेल्या संविधान सभेत ६०१ सभासद होते, त्यांत १९७ स्त्रिया. मधेशी (दक्षिणेकडच्या तराई मैदानातले लोक), थारू (तराईतले आदिवासी), दलित, जनजाती (आदिवासी समूह) अशा ज्यांना काठमांडूच्या सत्तेने पिढ्यान्‌पिढ्या दारातच उभं केलं होतं, त्यांचे प्रतिनिधी आत आले. अनेकांसाठी सभागृह पहिल्यांदाच. संघराज्य म्हणजे काय, मतांच्या प्रमाणात जागा देणारी प्रमाणशीर निवडणूक कशी चालते, हे त्यांना समजावून कोण सांगणार होतं? पक्षाचे पुढारी? त्यांना तर हात वर करणारी माणसं हवी होती. ब्रिटन, नॉर्वे, डेन्मार्क यांच्या पैशावर आणि संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या (यूएनडीपी) देखरेखीखाली काठमांडूत संवैधानिक संवाद केंद्र चाललं. तिथे निरनिराळ्या भाषांतली पत्रकं मिळायची, प्रशिक्षण व्हायचं, वेगवेगळ्या पक्षांचे सभासद एका टेबलाशी बसायचे.

संविधान सभा भरायची ती नया बानेश्वरची इमारतसुद्धा चीनच्या मदतीने बांधलेली. तिच्यावर कुणी बोट ठेवत नाही. पैसा विटांवर खर्च झाला तर चालतो, थारू बाईला तिचा हक्क समजावण्यात गेला की लगेच ढवळाढवळ?

दख्खनी

साफ असहमत. विटा मत मांडत नाहीत, प्रशिक्षक मांडतो. ब्रिटनने जनजाती महासंघाला (आदिवासी संघटनांची एकत्र संस्था) निधी दिला आणि महासंघाने बंद पुकारल्यावर २०११ मध्ये तोच निधी थांबवला. म्हणजे चळवळीने रस्त्यावर उतरायचं की नाही, हे लंडनमध्ये बसून ठरणार! बंद मलाही आवडत नाहीत, पण तो त्यांचा निर्णय होता. वर विरोधकांना आयतं कोलीत मिळालं: "ही मागणी यांची नाहीच, डॉलरची आहे." आदिवासींची खरी, जुनी मागणी त्या पैशामुळे बदनाम झाली.

आणि आपली घटना कुणाच्या अनुदानावर लिहिली गेली? बाबासाहेब आजारी असतानाही मसुद्यावर खपत होते. देणगीदारांचा अहवाल भरायला कुणी बसलं नव्हतं.

रानवाट

बाबासाहेबांच्या कष्टांबद्दल दुमत नाही. पण आपली संविधान सभा १९४६ च्या मर्यादित मताधिकारावर निवडलेल्या प्रांतिक विधिमंडळांतून आली होती आणि तिच्यात स्त्रिया होत्या १५. बाहेरचं वारं तिलाही लागलंच. घटना सल्लागार बी. एन. राव १९४७ मध्ये अमेरिका, कॅनडा, आयर्लंड, ब्रिटन फिरून आले. अमेरिकेत तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांनी 'ड्यू प्रोसेस'बद्दल (कायदा न्याय्य आहे का, हे न्यायालयांना तपासू देणारं तत्त्व) सावध केलं आणि पुढे तो शब्दप्रयोग आपल्या घटनेत आला नाही. प्रतिबंधक स्थानबद्धतेच्या, म्हणजे खटला न चालवता कोंडून ठेवण्याच्या, प्रकरणांत त्याची किंमत लोकांनी मोजली.

दख्खनी

राव विचारायला गेले होते, स्वतःचे प्रश्न घेऊन. फ्रँकफर्टर दिल्लीत ऑफिस थाटून बसले नव्हते. फरक इथेच आहे.

तराईतून

कामानिमित्त नेपाळच्या सीमेवरच्या बीरगंजला होते, म्हणून लिहिते. २०१५ ची भारत-नेपाळ सीमेवरची नाकेबंदी कुणालाच आठवत नाही का? २० सप्टेंबरला घटना लागू झाली. त्याआधी दोन दिवस आपले परराष्ट्र सचिव काठमांडूत जाऊन आले होते. मग आपल्या बाजूच्या रक्सौलच्या नाक्यावर ट्रकांच्या रांगा. भारत सरकार म्हणे, मधेशी आंदोलकांनी वाट अडवली आहे; पुलावर ते बसले होते हे खरंच. पण नेपाळी माणूस आजही दिल्लीचंच नाव घेतो. भूकंपाने घरं पडलेली, थंडी तोंडावर आणि गॅस सिलेंडर अर्धा भरून मिळायचा. मधेशींचं गाऱ्हाणं रास्त होतं, घटनेविरोधी आंदोलनात तराईत चाळीसहून जास्त माणसं मेली होती. नाकेबंदीनंतर ते गाऱ्हाणं ऐकायला काठमांडूत कुणी तयार होईना. ज्यांना ढवळाढवळीवर बोलायचंय त्यांनी आधी यावर बोलावं.

सीमापार

तराईतून, तुमच्या प्रतिसादातला शब्द न् शब्द पटला.

दख्खनी, चळवळीच्या निधीबद्दल तुमचं म्हणणं रास्त आहे. संघटनेने आपल्या सभासदांच्या वर्गणीवरच उभं राहावं. माझा आग्रह आहे तो भाषांतर, दुभाषे, गावोगावच्या सभा यांसाठीच्या पैशाचा. २००९ मध्ये सभेच्या समित्या प्रश्नावल्या घेऊन जिल्ह्याजिल्ह्यांत गेल्या होत्या. तो काळ गेला, २०१२ ला सभा घटनेविना संपली, दुसरी निवडून आली. मग भूकंपानंतर जून २०१५ मध्ये चार पक्षांच्या नेत्यांनी घटनेबद्दल १६ कलमी करार केला आणि जुलैत मसुद्यावर लोकांची मतं मागवली ती दोन दिवसांत! यात कुठल्याही युरोपियनाचा हात नव्हता. परदेशी पुरुषाशी लग्न केलेल्या नेपाळी बाईच्या मुलांना, नेपाळी पुरुषाच्या मुलांसारखं वंशाने नागरिकत्व मिळत नाही, हे कलम याच घाईतल्या मसुद्यातून घटनेत गेलं. देशी पुढाऱ्यांनी, देशी हातांनी लिहिलेलं. त्या मुलांना कोणता स्वाभिमान सांगणार आपण?