स्मोक ऑन द वॉटर: सुरुवातीची धून पोकळ का वाजते?

प्रश्न (जळगाव): गॅदरिंगला डीप पर्पल या ब्रिटिश रॉक बँडचं हे गाणं गिटारवर घेतोय. धून पातळच वाटते. आणि नावातला 'पाण्यावरचा धूर' नेमका कसला?

धुळे: एकाच तारेवर वाजवतोयस ना भो? डी आणि जी या तारा जोडीने घे (आकडे पट्ट्यांचे, ० म्हणजे मोकळी तार): ०-३-५, ०-३-६-५, ०-३-५-३-०. पिक (तार छेडायची चकती) बाजूला ठेव. पिकने एक तार आधी लागते, तिथेच जोर जातो. मूळ गाण्याचा गिटारवादक रिची ब्लॅकमोर दोन्ही तारा बोटांनी एकदम खेचतो. दोन सुरांच्या मध्ये तारा तळव्याने दाबून बंद कर, नाहीतर नुसता गोंगाट.

भुसावळ: धूर स्वित्झर्लंडमधल्या माँत्रोच्या जळत्या कॅसिनोचा. ४ डिसेंबर १९७१, अमेरिकन संगीतकार फ्रँक झॅपाच्या कार्यक्रमात कुणीतरी फ्लेअर गन (इशाऱ्याचा पेटता गोळा सोडणारी बंदूक) झाडली आणि आग लागली. डीप पर्पल तिथेच रेकॉर्डिंग करणार होता! धूर जिनिव्हा सरोवरावर पसरला, तेच शीर्षक.

धुळे: मूळ सूर चारच. लग्नातला बँजोवालाही पटकन उचलेल.