ओस्वाल्दो पुगलिएसे यांच्या 'ला युंबा'मधील ठेका नेमका धरतो कोण?

पेटीची_साथ :
नमस्कार. मी अनेक वर्षे भजनाला आणि नाट्यसंगीताला पेटीची साथ करतो. टँगो या अर्जेंटिनातल्या नृत्यसंगीताशी माझा परिचय अगदी अलीकडचा. ब्वेनोस आइरेसचे पियानोवादक आणि वाद्यवृंदप्रमुख ओस्वाल्दो पुगलिएसे यांची १९४६ सालची 'ला युंबा' ही ध्वनिमुद्रिका ऐकली आणि चक्रावून गेलो. त्यात एकही तालवाद्य नाही, तरीही ठेका छातीवर आदळतो. हा ठेका धरतो कोण? शिवाय, पुगलिएसे तुरुंगात असताना त्यांच्या रिकाम्या पियानोवर फूल ठेवून कार्यक्रम होत असत, असे ऐकले, ते खरे आहे का?

दक्षिणवारा :
ठेका सगळेच धरतात, आणि गंमत तिथेच आहे. चार मात्रांपैकी पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर बँडोनियन (अकॉर्डियनसारखे भात्याचे वाद्य) आणि व्हायोलिने एकत्र तुटून पडतात. मात्र ती थेट मात्रेवर येत नाहीत, तर किंचित आधीपासून स्वर ओढत आणतात आणि मग आघात करतात. या ओढीला तिकडे 'अरास्त्रे' म्हणतात. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पुगलिएसे यांचा डावा हात पियानोच्या अगदी खालच्या पट्ट्या दाबतो आणि तिथून घुमारा उठतो. 'युंबा' हा शब्द म्हणजे या आवाजाचेच बोल आहेत : 'युम' जोरकस, 'बा' खोल आणि दबका. लय घड्याळासारखी चालवणारा कोणी नसल्यामुळे अख्खा वाद्यवृंद एका श्वासात मंदावू शकतो आणि पुन्हा उसळू शकतो.

रसिक_ठाणे :
फुलाची गोष्ट खरी आहे. पुगलिएसे १९३६ पासून कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य होते आणि त्यापायी त्यांना वेळोवेळी अटक झाली; अशा वेळी पियानोवर लाल कार्नेशन ठेवले जाई आणि सहकारी कार्यक्रम पार पाडत.

परंतु माझ्या मते त्या फुलापेक्षा वाद्यवृंदाचा हिशेब अधिक बोलका आहे. ११ ऑगस्ट १९३९ रोजी 'एल नासिओनाल' कॅफेत त्यांचा वाद्यवृंद प्रथम वाजला तो सहकारी तत्त्वावर : मिळकत कामाच्या वाट्यानुसार ठरलेल्या गुणांवर वाटली जाई आणि वादकांनी केलेल्या रचना व संयोजने वाद्यवृंद आवर्जून वाजवीत असे. पगारी वादक दुसरीकडे चार पैसे जास्त मिळताच निघून जातो, पण इथे ओस्वाल्दो रुजेरो यांच्यासारखे बँडोनियनवादक १९३९ पासून १९६८ पर्यंत टिकून राहिले. वर दक्षिणवारा यांनी वर्णन केलेले ते एका श्वासातले मंदावणे अशा दीर्घ सहवासाशिवाय साधेल, असे मला वाटत नाही. १९६८ मध्ये रुजेरो आणि इतर काही जणांनी बाहेर पडून 'सेक्स्तेतो टँगो' उभारले, तेव्हा पुगलिएसे यांनी नव्या मंडळींना घेऊन पुन्हा बांधणी केली.

दक्षिणवारा :
रसिक यांच्या म्हणण्याला जोड म्हणून सांगतो : पुगलिएसे यांचा जन्म १९०५ साली विया क्रेस्पो या कष्टकऱ्यांच्या वस्तीत झाला. वडील आदोल्फो चर्मोद्योगात काम करीत आणि बासरी वाजवीत. विशीच्या आतच ओस्वाल्दो यांनी 'रेकुएर्दो' हा टँगो रचला, जो हुलिओ दे कारो यांच्या वाद्यवृंदाने १९२६ मध्ये ध्वनिमुद्रित केला; 'ला युंबा'च्या तुलनेत तो किती हळवा आहे, ते अवश्य ऐकावे. पुढे श्रोते त्यांना उद्देशून 'कोलोनला! कोलोनला!' असे ओरडत, कारण तेआत्रो कोलोन हे शहराचे ऑपेरागृह आणि टँगोवाल्यांना तिथले दार सहसा बंद. २६ डिसेंबर १९८५ रोजी, ऐंशी वर्षांचे असताना, ते खरोखरच तिथे वाजवायला बसले. आज अर्जेंटिनातले कलावंत अपशकुन टळावा म्हणून त्यांचे छायाचित्र जवळ बाळगतात आणि त्यांना 'संत पुगलिएसे' म्हणतात. आयुष्यभर कम्युनिस्ट राहिलेल्या माणसाच्या वाट्याला हे संतपद यावे, हेही नवलच.

पेटीची_साथ :
दोघांचेही मनापासून आभार. बँडोनियनही भात्यावरच चालते, म्हणून काल रात्री पेटीवर ती ओढ काढून पाहिली : स्वर दाबून ठेवला, भाता आधी हळू आणि मात्रेवर एकदम जोरात मारला. 'युम' बऱ्यापैकी उमटला. 'बा'साठी मात्र हात उरला नाही, कारण डावा हात भात्यावरच अडकलेला.