फाशांचा खेळ : आधी काय आवडायचं, आता काय आवडतं?

टेबलाभोवती बसून, पात्र घेऊन, फासे टाकत खेळायचे गोष्टींचे खेळ सोलापुरात कोण कोण खेळतं? डंजन्स अँड ड्रॅगन्स 1974 साली अमेरिकेत आला, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा. नियमांवर वाद नकोत. तुमची आवड कशी बदलली ते लिहा.

आधी माझंच. मी डीएम, म्हणजे खेळ चालवणारी. पहिल्या खेळासाठी अख्खं राज्य लिहून काढलं होतं, राजाच्या आत्येसकट. पोरं राजवाड्याकडे फिरकलीच नाहीत. वेशीवरच्या भाकरीवालीशी गप्पा हाणत बसली आणि मोहिमेवर टिकतात म्हणून 40 कडक भाकऱ्या विकत घेतल्या! तेव्हा जाम चिडले होते. आता अर्धं पान लिहिते आणि भाकरीवालीचं सगळं आधी ठरवून ठेवते.

*

मला अजून मारामारीच आवडते. आठवडाभर ऑफिसात गोड बोलतो बे, रविवारी तरी कुऱ्हाड चालवू द्या.

*

आम्ही पूर्व भागातले. घरी तेलुगू, बाहेर मराठी. मी कायम फायटर घ्यायचो. पाचव्या आवृत्तीत त्याचा जीव 10 बाजूंच्या फाशावर मोजतात, जादूगाराचा 6 बाजूंच्या. म्हणून फायटर टिकतो, असं सगळ्यांना सांगायचो. खरं कारण, फायटरला बोलावं लागत नाही. ‘मारतो’ म्हटलं की झालं. शाळेत एकदा ‘तो चादर’ म्हणालो होतो. सोलापुरात राहून, मागवाल्याच्या घरात जन्मून, ‘तो चादर’! वर्षभर तेच नाव पडलं.

एकदा पुलावर पहारेकरी आडवा आला आणि आमचा बोलका गडी नेमका गैरहजर. डीएम म्हणाला, “तुझा माणूस काय म्हणतो?” म्हटलं, “मारतो.” “करतो काय ते नाही विचारलं बे, म्हणतो काय?” बराच वेळ गप्प होतो. मग तोंडातून आमच्या ताताचा, म्हणजे आजोबांचा आवाज निघाला, अर्धा तेलुगू, अर्धा मराठी, तो माग बंद पडल्यावर मुकादमाशी भांडायचा तसा. 20 बाजूंचा फासा टाकला, आले 3. पहारेकऱ्याने काही सोडलं नाही. पण पुढच्या रविवारी सगळे विचारायला लागले, ताता आलाय का? आता माझं पात्र म्हातारा विणकर आहे. तलवार नाही, खिशात धोटा. लिंगं अजून चुकतात. ताताचीही चुकायची.

*

मी वरच्या एका खेळाडूची आई. गड्ड्याच्या जत्रेच्या सुट्टीत लेकाने खेळायला बसवलं. क्लेरिक दिली, म्हणजे जखमा बऱ्या करणारी. चार खेळ मी सगळ्यांची मलमपट्टीच केली. मध्ये उठून चहाही टाकला. पाचव्या खेळात लेकाचा जीव शून्यावर आला. तसं झालं की दर पाळीला फासा टाकायचा. 10 किंवा जास्त तीनदा आलं तर सावरतो, कमी तीनदा आलं तर गेला. त्याला एकदाच कमी आलं होतं. समोर खजिन्याचं दार उघडं. मी गदा घेऊन आत.

“आई, मी मरतोय ना!”

“अजून दोन फासे आहेत तुझे.”

वाचला. पुढच्या वेळी मला चोर पाहिजे म्हणून सांगून ठेवलंय.