मदत हवी आहे: सर्वांत मोठ्या मूळ अवयवाच्या क्रमिकेतून संख्या गळत आहेत

मूळअवयव:
हायली अबंडंट संख्या (ज्यांच्या विभाजकांची बेरीज त्यांच्याहून लहान प्रत्येक संख्येच्या बेरजेपेक्षा मोठी असते) चढत्या क्रमाने मांडून प्रत्येकीचा सर्वांत मोठा मूळ अवयव लिहायचा, अशी क्रमिका मला हवी आहे. १ वगळता माझा प्रोग्रॅम २, २, ३, २, ३, २, ३, ५ असे उत्तर देतो. यादीप्रमाणे ते २, ३, २, ३, २, ५ असे सुरू व्हायला हवे. विभाजकांच्या बेरजेचे सूत्र बरोबर आहे, त्यामुळे कृपया त्यावर वेळ घालवू नये.

चाळणीवाला:
उमेदवार संख्या आपण कशा निवडता, हे लिहिलेलेच नाही. मी दहा लाखांपर्यंतची सारणी घेतो, प्रत्येक विभाजक त्याच्या सर्व पटींत मिळवत जातो आणि आधीच्या सर्व बेरजांना मागे टाकणारी संख्या टिपतो.

पूर्णांकप्रेमी:
१२, २४, ३६, ४८ यांना त्यांच्याहून लहान कोणत्याही संख्येपेक्षा अधिक विभाजक आहेत. त्यांचीच यादी घ्यावी.

विषमघात:
विभाजक किती, हे कोणी विचारलेले नाही. ६ आणि १० या दोघांनाही चारच विभाजक आहेत, तरी १० यादीत येते, कारण तिच्या विभाजकांची बेरीज १८ आहे आणि तिच्याआधी ८ ची १५ हीच सर्वांत मोठी होती.

मूळअवयव:
मला दहा लाखांच्या पुष्कळ पुढे जायचे आहे, चाळणी नको. मूळ संख्या २ पासून सलग घेतो आणि घातांक पुढे वाढू देत नाही, हे तर उघडच आहे.

विषमघात:
नेमके तेच येथे लागू नाही. तो नियम गणितज्ञ अलाओग्लू आणि एर्देश यांनी १९४४ मध्ये सुपरअबंडंट संख्यांसाठी सिद्ध केला, जेथे बेरजेला संख्येने भागून येणारे गुणोत्तर उच्चांक गाठते. येथे नुसती बेरीज पाहायची असल्याने १० मध्ये ३ गाळला जातो, १८ मध्ये ३ चा घातांक २ च्या घातांकाहून मोठा होतो, आणि ४२ तर ५ ओलांडून थेट ७ घेते व ९६ या बेरजेने ३६ च्या ९१ ला मागे टाकते.

चाळणीवाला:
चाळणीत यांपैकी एकही निसटली नसती.

विषमघात:
पडताळ्यापुरती ती उत्तम आहे. त्यांना पल्ला हवा आहे.

मूळअवयव:
अट काढली, १० आणि ४२ आले. मात्र ८! (१ ते ८ यांचा गुणाकार) यादीत असून ९! नाही. आता काय बिघडले?

विषमघात:
काहीही नाही. ९! म्हणजे ३,६२,८८० च्या विभाजकांची बेरीज १४,८१,०४० भरते. ९! हून लहान असलेल्या ३,६०,३६० ची मात्र ११ आणि १३ या अवयवांच्या बळावर १५,७२,४८० होते. आपल्या क्रमिकेत त्या जागी १३ आला आहे का, तेवढे पाहावे.